खालून वळवणे

शिवाजीनगर, कामगार न्यायालय, पहिला मजला.
दुसरा पंखा बंद. माझ्या टेबलावर
नोटिशीची झेरॉक्स, कंपनीच्या इंग्रजीत:
कलावती ससाणे, कंत्राटी सफाई कामगार,
हिने व्यवस्थापनाचा अधिकार
सबव्हर्ट करण्याचा प्रयत्न केला.

बत्तीस वर्षं मी असल्या वाक्यांचं मराठी करते.
निवृत्तीला सात महिने.
निमकर पलीकडून म्हणतात, उलथवून टाकणे.
लिहा आणि चहाला चला.

उलथवून.
पण त्या शब्दात माझ्या हाताला उलथनं लागतं,
कोर्टामागच्या गाडीवरचं, मूठ जळालेलं.
पोळा कडेनं सुटलाय का बघायचं,
मग मनगटाची एकच हालचाल:
खालची बाजू वर.
आणि जी वर येते ती भाजून निघालेली असते.
एवढं कंपनीला म्हणायचं नसावं.

पोखरणे लिहावं, तर वाळवी आली.
एका बाईला वाळवी म्हणण्याइतका
माझा पगार नाही.
सुरुंग लावणे?
तिच्या हातात खराटा होता.

जेवणाच्या सुट्टीत कॅम्पात फोन लावला.
अल्मेडा सर, वय एक्क्याऐंशी, लॅटिन शिकलेले
आणि ते कुणीच विचारत नाही म्हणून दुखावलेले.
"सब म्हणजे खालून," सर म्हणाले,
"पुढचं वर्तेरे, वळवणं.
बाई, हा तर तुमच्या वृत् धातूचा भाऊ."
मग त्यांच्या कुकरची शिट्टी झाली, त्यांनी फोन ठेवला.

वृत्.
मी डब्याच्या कागदामागे लिहीत गेले:
वर्तुळ. वर्तन. वर्तमानपत्र.
आवर्तन, खडकवासल्याच्या कालव्याचं, उन्हाळी.
गैरवर्तन, जे नोटिशीत आधीच दोनदा होतं.
आणि निवृत्ती,
म्हणजे सात महिन्यांनी माझंही वळणंच की.
इतकी वर्षं ज्याला परका म्हणून दारात उभा ठेवला
तो शब्द नात्यातला निघाला,
चुलत चुलत, पण सुतक लागेल इतका जवळचा.

चार वाजता ती स्वतःच आली, ताडीवाला रोडवरून,
पदराला फिनेलचा वास.
"काय केलंत नेमकं?"
विचारू नये ते मी विचारलं.

"साहेबाची खुर्ची. चाकाची हाय.
खाली केर व्हता, महिन्याचा.
भित्तीकडं फिरवली, केर काढला,
तेवढ्यात मुकादमानं हाक मारली,
खुर्ची ऱ्हायली तशीच.
सकाळी साहेब आलं तर खुर्ची पाठमोरी."
जरा थांबून:
"पोरी हसल्या. त्ये हसणं लिवलंय का कागदात?"

नव्हतं लिहिलं.
पण पूर्ण दीड पानाची नोटीस
त्या हसण्याभोवतीच फिरत होती,
हे मला तेव्हा दिसलं.

कोशात नाही ते लिहू नये,
हा नियम नव्या मुलांना मीच शिकवलेला.
मी लिहिलं:
अधिकाराला खालून वळवण्याचा प्रयत्न केला.
निमकरांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे मराठी नाही."
"होईल," म्हटलं, "हळूहळू."

कलावतीबाईंनी बोट फिरवत वाचलं,
काना-वेलांटीला थांबत, उतरत, पुन्हा चढत.
खालून या शब्दावर बोट राहिलं.
"बराबर हाय," म्हणाल्या.
"वरनं झाडताच येत न्हाई."

प्रतीचे पानामागे दोन रुपये.
त्यांनी सुटे मोजून दिले, पावती मागितली,
आणि पावतीवर ससाणेचं ससाने झालंय म्हणून
जाईपर्यंत टेबलाशी उभ्या राहून
माझ्याकडून तो ण
नीट करून घेतला.